एकाचे नऊ झाले : कबरस्तानातल्या खजिनाशोधाचं प्रकरण

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात गेल्या हिवाळ्यात चर्चचं आवार आणि त्यालगतचं ख्रिस्ती कबरस्तान धरून मुलांसाठी खजिनाशोध मांडला होता. मोबाइलच्या जीपीएसवर लपवलेला डबा हुडकायचा, ज्याला जगभर जिओकॅशिंग म्हणतात, तो खेळ. त्याची चाचणी घ्यायला गेलेली दोन पोरं डब्यापासून दीडशे मीटर लांब, परक्याच्या ज्वारीत, अमावस्येच्या संध्याकाळी काठीनं बांध टोकरताना सापडली आणि गुप्तधन काढायला आलेली टोळी म्हणून अडकून पडली. मारहाण झाली नाही, तक्रार नोंदली गेली नाही आणि महिनाभरानं खेळ पारही पडला. तरी हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटतं. घोटाळा झाला तो दगडावरच्या एका आकड्यानं, आणि तो आकडा बिघडला दुर्लक्षामुळे नव्हे, दर वर्षी नेमानं घेतल्या जाणाऱ्या काळजीमुळे.

गावाचं आणि माणसांची नावं देत नाही. तालुका लहान आहे, लगेच ओळखू येतील. खेळ मांडणारा तरुण त्याच गावचा, तिथल्याच ख्रिस्ती मंडळीतला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. कंपनीच्या कामानिमित्त तो इंग्लंडला राहून आला होता आणि तिथल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चभोवती हा खेळ सुट्टीच्या दिवशी खेळला होता. मी सोलापुरात भूगोल शिकवतो. अक्षांश-रेखांशांचं गणित तपासायला म्हणून त्यानं मला यात घेतलं, आणि पुढे चर्चच्या कमिटीशी बोलायलाही मीच बरा, असं त्याच्या वडिलांनी ठरवलं.

इंग्लंडातला नमुना

मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र शंभरेक मीटरपर्यंत चुकायचं. एका रात्रीत ते कितीतरी नेमकं झालं. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात रानात एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले, आणि नियम एवढाच सांगितला की सापडेल त्यानं काही घ्यावं, काही ठेवावं आणि वहीत नोंद करावी. काही दिवसांतच लोकांनी ती शोधून काढली. आज जगभर असे तीस लाखांच्या आसपास डबे आहेत. ठरलेल्या संकेतांनुसार दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, जागेच्या मालकाची परवानगी हवी, त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय डबा पुरायचा नाही, आणि आत निदान सही करायला कागद हवा.

चर्चभोवतीचा खेळ हा त्याचाच एक प्रकार. इंग्लंडमध्ये २००७ पासून चर्चना धरून एक मालिकाच चालू आहे आणि तिच्यात हजारो डबे जमले आहेत. डबा सहसा चर्चच्या आवाराबाहेर, जवळच्या पायवाटेवर वगैरे असतो. आवारात फक्त आकडे मिळतात. अमुक कबरीवरचं मृत्यूचं साल, बाकावरच्या पाटीवरचा अंक, दारावरच्या कमानीत कोरलेलं साल, असे आकडे गोळा करून सूत्रात घातले की डब्याचा ठिकाणा निघतो. कबरीला हात लावायचा नाही, वाचायची. आमच्या तरुणाला हेच आवडलं होतं. डबा म्हणजे निमित्त, खरं म्हणजे माणूस थांबून दगड वाचतो, असं तो म्हणायचा.

हा नमुना तो जसाच्या तसा गावी घेऊन आला, आणि पहिली अडचण कबरस्तानाच्या फाटकातच उभी राहिली. आकडे असलेले दगड फारच थोडे. इंग्लंडच्या जुन्या आवारात उभ्या शिळांची दाटी असते. इथे बहुतेक कबरी मातीच्या उंचवट्याच्या, डोक्याशी एक लोखंडी किंवा सिमेंटचा क्रूस. त्यातही काळ्या मातीचा स्वभाव असा की पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, आणि क्रूस दर दोन-चार वर्षांनी कलतात. ज्यांची ऐपत होती त्यांनी फरशी बसवली आणि ‘प्रभूमध्ये निजली’ अशी ओळ कोरून घेतली. बाकी कबरी कुणाच्या, हे घरचेच जाणतात. खेळात घेता येतील असे सालवाले दगड मोजकेच उरले. त्यांतले जुने काळ्या पाषाणाचे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातले, मराठी आकड्यांत कोरलेले.

सूत्र, आणि त्यातली जोखमीची जागा

जिओकॅशिंगमध्ये ठिकाण अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. म्हणजे उत्तर १७ अंश, मग मिनिटं, आणि मिनिटांच्या दशांश चिन्हानंतर तीन आकडे. अंश आणि पूर्ण मिनिटं मुलांना आधीच दिलेली होती. शोधायचे ते उत्तरेचे तीन आणि पूर्वेचे तीन, असे सहा आकडे.

आता या तीन घरांचं वजन सारखं नसतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५२ मीटर. तेव्हा पहिल्या घरातला एक आकडा चुकला तर १८५ मीटर, दुसऱ्यातला चुकला तर साडेअठरा मीटर, तिसऱ्यातला चुकला तर पावणेदोन-दोन मीटर. तिसऱ्या घराच्या चुकीला खरं तर चूक म्हणूच नये, कारण उघड्या आकाशाखाली मोबाइलच तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि कडुनिंबाखाली उभं राहिलं तर त्याहून जास्त. पूर्व-पश्चिम हिशेब थोडा वेगळा. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून दक्षिण इंग्लंडमध्ये मिनिटाचा हजारावा भाग सव्वा मीटरच्या आत असतो, तर सोलापूरच्या अक्षांशावर पावणेदोन मीटर भरतो. तिकडची चूक इकडे आणली की ती दीडपट पसरते.

तरुणानं दिवाळीच्या सुट्टीत सगळं टिपून घेतलं. चर्चच्या कोनशिलेवरून एक आकडा, घंटेच्या मनोऱ्याच्या खिडक्या मोजून एक, पायऱ्यांवरून एक, आणि उरलेले कबरस्तानातल्या तीन दगडांवरून. त्यांतला एक दगड एका बाईचा होता. जन्म १८८९, मृत्यू १९१८. मृत्यूच्या सालातला तिसरा आकडा, म्हणजे १, त्यानं उत्तरेच्या दुसऱ्या घरात घातला. डबा आवाराच्या मागच्या कुंपणाशी, जुन्या पंपघराच्या खुंटीला लटकवायचं ठरलं. भिंतीच्या फटीत ठेवायचा नाही, हा मुद्दा गुरुजींचा. गुरुजी म्हणजे पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे चर्चच्या कमिटीचे, सेक्रेटरी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. इंग्लंडात शोधणारा बिनधास्त दगडांच्या सांदीत बोटं घालतो. आपल्याकडे सांदीत घोणस किंवा फुरसं असतं. म्हणून सूचनेतच लिहिलं होतं, हात घालू नका, आधी काठीनं चाचपा. ही काठी पुढे महागात पडली.

परवानगीची बैठक

कमिटीची बैठक उपासनेनंतर झाली. पाळकसाहेबांकडे बरीच गावं आहेत, ते सोलापुरात राहतात आणि ठरलेल्या रविवारीच येतात. त्यांनी होकार देऊन बाकीचं कमिटीवर सोडलं. चर्चच्या आवाराबद्दल कुणाची हरकत नव्हती. कबरस्तानावर मात्र अडलं. एक ज्येष्ठ मावशी, ज्यांच्या सासू बायबलबाई म्हणून या भागातल्या वाड्यावस्त्यांवर फिरलेल्या, म्हणाल्या, “आमच्या माणसांच्या डोक्यावर पोरं नाचवणार काय तुम्ही?” पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रविवारी पहाटे हीच मंडळी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन तिथे जाते, तेव्हा पोरं कबरींमधून फिरत नाहीत असं थोडंच आहे, पण तो वेगळा दिवस आणि वेगळं कारण, हे मावशींचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं.

तोडगा मावशींनीच सुचवला आणि माझ्या मते या संपूर्ण खेळातली ती सर्वांत चांगली सूचना होती. नुसता आकडा विचारायचा नाही. आधी त्या माणसाचं नाव पूर्ण लिहून घ्यायचं, कुणाची कोण ते दगडावर असेल तर तेही लिहायचं, मग आकडा. प्रश्नपत्रिका त्याप्रमाणे बदलली. इंग्लंडातल्या खेळात बहुधा ‘मृत्यूच्या सालाचा तिसरा अंक’ एवढंच विचारतात, आणि शोधणारा तेवढाच टिपून पुढे जातो.

खेळ जगाच्या नकाशावर चढवायचा की नाही, हा दुसरा प्रश्न. तरुणाची इच्छा होती; कुणीही, कधीही यावं, हाच त्याला खेळाचा आत्मा वाटत होता. कमिटीचं मत स्पष्ट होतं : कबरस्तानात कुणीही कधीही येणार नाही. एका रविवारी दुपारी खेळ होईल, संध्याकाळी डबा काढून घेतला जाईल. मला कमिटीचं पटलं. कायम टांगलेल्या बेवारस डब्याचं काय होतं, याला दाखले आहेत. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात असाच एक डबा बाँब समजला गेला, रस्ता बंद झाला आणि पथकानं तो स्फोट करून उडवला. जिथे हा खेळ मुरलेला आहे तिथे ही तऱ्हा. तरुण मात्र खट्टू झाला, तो अजूनही थोडा आहे.

नाताळचा रंग

बैठकीत जे कुणाच्याही ध्यानात आलं नाही ते नाताळच्या आधीच्या आठवड्यात झालं. दर वर्षी या सुमारास चर्चला चुना लागतो, फाटकाला निळा रंग लागतो, आणि कबरस्तानातल्या क्रूसांवर, फरशांवर नवा हात फिरतो. अक्षरं काळ्या रंगानं भरली जातात. हे काम मंडळीतलाच एक जण करतो. सोलापुरात शटर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. इथलं काम तो सेवा म्हणून फुकट करतो, रंगही पदरचा. त्याचा हात सुरेख आहे.

दगडावर कोरलेल्या खोबणीत वर्षानुवर्षांच्या चुन्याचे आणि रंगाचे थर बसले की मूळ अक्षराचा आकार बुजत जातो. इंग्रजी 1 आणि 9 डोळ्याला सहसा फसवत नाहीत. मराठी एक आणि मराठी नऊ मात्र दोन्ही गोलवा आणि शेपूट यांचेच बनलेले. खोबण भरली की गाठ कुठे संपते ते कळत नाही. १९१८ मध्ये तर शेजारीच एक नऊ ठळक उभा. रंगाऱ्यानं त्याच्याकडे बघून पुढचा आकडाही तसाच भरला. दगडावर झालं १९९८.

म्हणजे ती बाई १०९ वर्षं जगली. कबरस्तानात कुणी वजाबाकी करत नाही, त्यामुळे कुणाला खटकलं नाही.

इंग्लंडातल्या नमुन्यात ही शक्यता धरलेलीच नाही, आणि धरायचं तिथे फारसं कारणही नाही. तिथल्या खेड्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या शिळेला सहसा कुणी हात लावत नाही. शेवाळ चढतं, दगड झिजतो, आकडा पुसट होतो, पण पुसट आकडा निदान आपण पुसट असल्याचं दाखवतो. इथला दगड दर वर्षी कोराकरकरीत होतो. ज्या कबरस्तानात माणसं येतात, रंग देतात, क्रूस सरळ करतात, तिथला आकडा पुढच्या नाताळपर्यंतच भरवशाचा. चुकला तरी तो ठळक, काळ्याभोर, आत्मविश्वासानं भरलेल्या अक्षरात चुकतो, आणि वाचणारा त्यावर शंका घेत नाही.

वेळ अमावस्या

चाचणीसाठी तरुणाचे दोन आत्येभाऊ सोलापुरातून आले. कॉलेजातली मुलं, या गावात फारसं कुणी ओळखत नसलेली. उत्तरं त्यांना सांगितलेली नव्हती, चाचणीचा अर्थच तो. दिवस निवडला वेळ अमावस्येचा, कारण त्या दिवशी गाव रिकामं असतं, पोरं मागे लागून डब्याची जागा बघणार नाहीत. तरुण स्वतः पुण्यात, फोनवर.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. मार्गशीर्ष अमावस्येला सोलापूर, लातूर, धाराशिव या पट्ट्यात आणि सीमेपलीकडच्या कन्नड मुलखात सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप उभारतात, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून पुजतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. पाहुणेरावळे, ओळखीचेपाळखीचे, सगळ्यांना बोलावून जेवू घालतात. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. गाव रिकामं असतं हे खरं, पण त्याचं दुसरं टोक असं की रान भरलेलं असतं.

पोरांनी आकडे नीट टिपले, नावंही लिहिली. उत्तरेच्या दुसऱ्या घरात १ च्या जागी ९ गेला. आठाचा फरक, आठ गुणिले साडेअठरा, म्हणजे १४८ मीटर उत्तरेला. मोबाइलचा बाण त्यांना पंपघराच्या अंगावरून, कुंपणाच्या तुटक्या जागेतून पलीकडच्या ज्वारीत घेऊन गेला. शून्य मीटर जिथे आलं तिथे एक बांध होता, आणि बांधाच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर कोप. सूर्य बुडत आलेला. एकानं मोबाइलची बॅटरी लावली, दुसऱ्यानं सूचनेबरहुकूम काठीनं दगडांच्या सांदी चाचपायला घेतल्या.

शेताचे मालक सत्तरीचे, लिंगायत, गावचे माजी सरपंच. त्यांनी कोपेतून हाळी दिली, “काय हुडकलालाव रे हितं?” धाकट्यानं खरं तेच सांगितलं, की खजिन्याचा गेम आहे काका, कबरस्तानातले आकडे जुळवून इथपर्यंत आलो.

खरं तेच, पण त्या घटकेला याहून वाईट उत्तर सापडलं नसतं. अमावस्या, तिन्हीसांज, कबरस्तान, काठी, खजिना, आणि अनोळखी पोरं पूजेच्या पाच दगडांकडे चालत आलेली. आपल्या ग्रामीण भागात गुप्तधनाच्या नावाखाली काय काय झालेलं आहे हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केली जाणारी अघोरी कृत्यं मुद्दाम घातलेली आहेत, ती काही हवेतून आलेली नाहीत. शेतकऱ्यांनी शंका घेतली यात मला काही वावगं दिसत नाही. त्यांनी पोरांचे फोन काढून घेतले, कोपेपाशी बसवलं, पोलीस पाटलांना निरोप धाडला, आणि, हेही सांगितलं पाहिजे, वेळ अमावस्येला रानात आलेल्याला उपाशी ठेवू नये म्हणून पुढ्यात भज्जी-उंडे ठेवले. पोरांच्या घशाखाली घास उतरला नाही.

गुरुजी आणि पोलीस पाटील बरोबरच पोचले. गुरुजींनी खेळ समजावला, आणि तो समजला तो कागदामुळे नव्हे, गड्ड्यामुळे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेमुळे. सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वज फिरतात. या लिंगावरून त्या लिंगाला, ठरल्या वाटेनं. तसंच हे, या खुणेवरून त्या खुणेला जायचं, असं गुरुजी म्हणाले. म्हाताऱ्यांनी विचारलं, लिंगं तर सगळ्यांना दिसतात, मग तुमचं लपवलेलं का? याला गुरुजींपाशी उत्तर नव्हतं. ते म्हणाले, चला, दगडच बघू.

बॅटऱ्या घेऊन सगळे कबरस्तानात गेले. पोरांनी कागदावरचा हिशेब आणि दगड दाखवला. माजी सरपंचांनी १९९८ वाचलं आणि लगेच म्हणाले, “ह्ये चुकलंय गुरुजी. अठ्ठ्याण्णवला मी सरपंच हुतो. त्या साली हितं कुणी बाई पुरली न्हाई.” त्यांचं शेत लागून, तिथे कोण कधी आलं हे त्यांना पाठ. मग जन्माच्या सालावर बोट ठेवून ते थांबले. “ही माझ्या आज्याच्या वेळची. मानमोडीतली असंल.”

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मुंबई इलाख्यात तिनं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कहर केला, आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली असं मानतात. ज्यानं पोरांना चोर म्हणून धरलं होतं त्यानंच आकडा पकडला. मंडळीतल्या एकाही माणसानं, रंगाऱ्यानं, मीही, नाताळनंतर तो दगड त्या नजरेनं पाहिला नव्हता.

पुढे पाळकसाहेबांकडच्या दफनाच्या नोंदवहीत बघितलं. ऑक्टोबर १९१८. त्याच पानावर, त्याच महिन्यात, एरवी सबंध वर्षात होत नसतील इतकी दफनं होती. बहुतेकांच्या कबरीवर आज दगड नाही.

काय बदललं

खेळाच्या मांडणीत पहिला बदल सोपा होता आणि तो आधीही करता आला असता : शंकेचा आकडा नेहमी शेवटच्या घरात. इमारतीवरून मिळणारे आकडे, म्हणजे खिडक्या, पायऱ्या, मोठ्या घरांत. दगडावरचे आकडे तिसऱ्या घरात. तिथे एकाचे नऊ झाले तरी माणूस पंधरा मीटरच्या आत, आवाराच्या आसपासच राहतो. शिवाय सहाही आकड्यांची बेरीज आधीच सांगून ठेवायची. बेरीज जुळली नाही तर पाऊल उचलायच्या आधीच कळतं. जिओकॅशिंगवाले ही युक्ती वापरतात. आमच्या तरुणानं ती खेळ सोपा होतो म्हणून टाळली होती. हा त्याचा कल मला कळतो, पण ज्या खेळात चुकीची शिक्षा म्हणून दुसऱ्याचं पीक तुडवलं जातं, तिथे सोपेपणाला नाक मुरडू नये.

दुसरा बदल परवानगीचा. चर्चची परवानगी होती, पण चुकलेला माणूस चर्चमध्ये चुकत नाही, तो शेजाऱ्याच्या रानात चुकतो. म्हणून डब्याभोवती सगळ्यात मोठी संभाव्य चूक धरून नकाशावर वर्तुळ काढलं आणि त्यात येणाऱ्या प्रत्येक शेताच्या मालकाला गुरुजी स्वतः जाऊन सांगून आले. पोलीस पाटलांना लेखी कळवलं. डबा पारदर्शक घेतला, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत कुणाचा, कशासाठी, ते लिहिलं. आत नाणी ठेवायची तरुणाची कल्पना माजी सरपंचांनीच मोडून काढली. पेन्सिली, खोडरबर आणि चिक्की ठेवली. कायद्यानं तशी काही अडचण नव्हती. १८७८ चा निखात निधी अधिनियम जमिनीत दडलेल्या ऐवजाला लागतो, दहा रुपयांच्या वरचा सापडला तर कलेक्टरला कळवायचं असतं. खुंटीला लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण गावात एकदा ‘पैसे सापडले’ असं झालं की पुढचं कोण आवरणार.

गड्डा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी खेळ झाला. मंडळीतलीच नव्हे, गावातल्या सगळ्या आळ्यांतली पोरं आली. त्याचं फारसं वर्णन करण्यासारखं नाही. डबा सापडला, चिक्की संपली, दोन गटांत कोण आधी पोचलं यावरून भांडण झालं. एका गटानं मिनिटांचा आकडा अंशांच्या दशांशात घातला. ही गफलत सर्रास होते : १७ अंश ३९.६ मिनिटं म्हणजे १७.६६० अंश, पण घाईत १७.३९६ टाकलं की ठिकाण २९ किलोमीटर दक्षिणेला, भीमेच्या बाजूला जातं. मोबाइलनं त्यांना गाडीनं जायचा रस्ता दाखवायला सुरुवात केल्यावर पोरांनाच हसू फुटलं. इतकी मोठी चूक धोक्याची नसते. दीडशे मीटरची असते, कारण तेवढं माणूस मुकाट्यानं चालत जातो.

पोरांनी भरलेल्या प्रश्नपत्रिका मावशींनी मागून घेतल्या. पूर्ण नावं लिहायची अट त्यांची होती, त्यामुळे वाचता येण्याजोग्या त्या दगडांची एक यादी आपोआप तयार झाली. गुरुजींनी ती नोंदवहीशी ताडली. आणखी एका दगडावर जन्माचं साल मृत्यूनंतरचं निघालं, आणि एका आडनावाचा काना उडालेला. यादी आता दोन प्रतींत आहे, एक चर्चच्या कपाटात आणि एक रंगाऱ्याकडे. त्यानं स्वतःहून सांगितलं की सालं बँकेच्या चेकवर लिहितात तशी अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहून द्या, म्हणजे पुन्हा गफलत नको.

त्या बाईच्या दगडावरचं १९९८ मात्र अजून तसंच आहे. रंगारी लगेच खरवडून दुरुस्त करायला निघाला होता, पण तिच्या भावाच्या वंशातले लोक मुंबईला असतात आणि त्यांच्या मते साल १९१९ असावं. घरात तसं ऐकत आले आहेत. नोंदवहीतलं पान त्यांना फोटो काढून पाठवलं आहे. उत्तर आलं की कमिटी ठरवेल, तोवर त्या ओळीला हात लावायचा नाही असं ठरलं आहे. तरुणाला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा खेळ मांडायचा आहे आणि त्यानं सूत्रातून तो दगड काढला आहे.